धम्मगिरीचे दहा दिवस: श्वास, गुडघा आणि चालू क्षण

धम्मगिरीवर पहाटे चारला घंटा होते. साडेचारला पहिली बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात ध्यानाचे साधारण दहा तास भरतात. इगतपुरीच्या या केंद्रात मी विपश्यना या ध्यानपद्धतीचं दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलं. तिथे जाणाऱ्याला उपयोगी पडेल ते इथे लिहितो आहे.

शिबिराला फी नाही. आधीच्या साधकांच्या दानावर ते चालतं, आणि तुमचं दानही शिबिर पुरं झाल्यावरच घेतात. अर्जात आजार आणि चालू औषधं विचारलेली असतात. मानसिक त्रास असेल तर तो लपवू नका, आणि शिबिरासाठी औषधं परस्पर बंद करू नका. इतका एकांत प्रत्येकाला झेपतोच असं नाही. बरोबर सैल सुती कपडे घ्या. पावसाळ्यात एक-दोन जोड जास्त, कारण इगतपुरीत तेव्हा कपडे वाळत नाहीत. मोबाइल जमा करायचा. पुस्तक, वही, जपमाळ काही वापरायचं नाही. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे खाणाखुणासुद्धा नाहीत. अडचण आली तर आचार्यांशी किंवा व्यवस्थापकांशी कामापुरतं बोलता येतं.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान: श्वास जसा येतो-जातो तसा जाणत राहायचं. हा प्राणायाम नव्हे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचाही नाही. आपल्याकडे नामस्मरणाची सवय अनेकांना असते, त्यामुळे श्वासाला नाम आपोआप चिकटतं. नामाने मन लवकर एकाग्र होतं हे या परंपरेचे दिवंगत आचार्य सत्यनारायण गोयंका (गोयंकाजी) संध्याकाळच्या ध्वनिमुद्रित प्रवचनात मान्य करतात. तरीही इथे नाम बाजूला ठेवायला सांगतात, कारण शरीरात या घडीला जे होतंय तेच पाहायचं असतं आणि शब्द त्याच्या आड येतो. मला हे कारण पटलं, म्हणूनच ते पाळता आलं.

तिसऱ्या दिवशी लक्ष ठेवायची जागा लहान होते: नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, बोटाच्या पेरात मावेल एवढी. तिथे आत येणारा श्वास गार लागतो, बाहेर जाणारा किंचित कोमट. कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून. मध्येच खाज, मध्येच बारीक फुरफुर. काहीच जाणवेनासं झालं तर दोन-चार श्वास थोडे जोरात घ्या आणि पुन्हा सोडून द्या. त्या जागेकडे डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला की कपाळ आवळतं आणि डोकं दुखतं. ही चूक फार जण करतात.

मन दर मिनिटाला पळतं. पळालं हे लक्षात आलं, तो क्षण वर्तमानाचाच. तिथूनच श्वासावर यायचं. "पुन्हा गेलं!" म्हणून चिडलात, तर पुढची पाच मिनिटं त्या चिडीतच जातात.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्यापासून पायांपर्यंत एकेक अवयव घेत, तिथली संवेदना पाहत पुढे जायचं. त्यानंतर रोजच्या तीन सामूहिक बैठका, सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा, अधिष्ठानाच्या होतात: तासभर डोळे, हात, पाय उघडायचे किंवा हलवायचे नाहीत.

इथे गुडघा बोलू लागतो. चाळीस मिनिटांनी "गुडघा दुखतोय" एवढंच डोक्यात उरतं. नीट पाहिलं तर त्यात वाटीच्या आतल्या बाजूला जळजळ असते, मागच्या शिरेला ताण असतो आणि खाली ठोके असतात. तिन्ही कमी-जास्त होत असतात. "अजून वीस मिनिटं असंच?" हा विचार आला की तेच दुखणं दुप्पट होतं. ती वीस मिनिटं अजून आलेलीच नसतात, आपण त्यांचं ओझं आत्ताच उचललेलं असतं. हे मला प्रवचनाआधी गुडघ्याने शिकवलं.

पण सांध्याचा जुना आजार असेल तर हट्ट करू नका. आचार्यांना सांगितलं की खुर्ची मिळते. बसताना कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटं उंच हवी, नाहीतर पाठ वाकते आणि पाय बधिर होतात.

उलट फसगत होते ती सुखद संवेदनांची. सातव्या-आठव्या दिवशी काहींना अंगभर हलकी तरंगांची धार जाणवते. दुसऱ्या बैठकीत तीच शोधायला बसलात की बैठक गेली. जी संवेदना आहे ती बघा, गुळगुळीत असो वा जाडीभरडी.

जेवण अकराला असतं. भूक असेल त्याच्या पाऊण हिश्श्यावर थांबा, नाहीतर एकच्या बैठकीत झोप येते. नवीन साधकांना पाचला चहा आणि थोडं खाणं मिळतं.

घरी सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. संध्याकाळचं मी जेवणाआधी उरकतो. मन फार अस्वस्थ असेल तर शरीराकडे लगेच वळत नाही. ओठावरच्या त्या जागेशी दहा मिनिटं थांबतो, श्वास मऊ झाला की मग डोक्यापासून सुरुवात करतो.