अंतराची तारीख

दसरा झाला की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर लसीकरणाची गर्दी एकदम वाढते आणि दिवाळीच्या आत तशीच एकदम ओसरते. बीड जिल्ह्यातलं गाव, निम्मं ऊसतोडीला जाणारं. मुकादमाची गाडी कधी दारात उभी राहील याचा नेम नसतो, म्हणून बायका लेकरांचे राहिलेले डोस उरकून घ्यायला येतात. "सिस्टर, आजच टोचा. उद्या आम्ही नसू."

त्या दिवशी २७ ऑक्टोबर होता. केंद्रासमोरच ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. त्यात पत्रे, सरपण, पाण्याच्या टाक्या, एका डालग्यात कोंबड्या. ट्रॅक्टरवाला मधूनमधून हॉर्न मारत होता आणि प्रत्येक हॉर्नला माझ्यासमोरची रांग पुढे ढकलली जात होती.

ती आली तेव्हा कडेवर धाकटी होती, नऊ महिन्यांची. थोरलीला घेऊन सासू बाहेर ओट्यावर बसली होती. मी गोवर-रुबेलाची लस दिली, चमच्यानं अ जीवनसत्त्व पाजलं. पोरीनं भोकाड पसरलं. त्या रडण्याच्या आडोशानं ती पुढे वाकली आणि म्हणाली, "सिस्टर, मलाबी सुई द्या. तीन महिन्याची."

क्षणभर मला कळलंच नाही. मग लक्षात आलं, अंतरा. तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन.

हात आपोआप जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीकडे गेला. गावचं रजिस्टर माझ्याकडेच असतं. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात होतं : मुली २, साधन नाही, पुढील मूल हवे.

"अगं, तुमचं तर मूल हवंय असं लिहिलंय."

"कुनी सांगितलं?"

कोणी सांगितलं ते मला चांगलं आठवत होतं. पावसाळ्याच्या तोंडाला मी तिच्या दारात उभी होते. सासू भांडी घासत होती आणि हात न थांबवता म्हणाली होती, "एक पोरगा झाला की बास बघा." मी "हवे" लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. ही आत चुलीपाशी होती. तिला मी हाक मारली नव्हती.

"म्हणजे तुम्हाला नकोय का मूल?"

"हवंय की. पोरगा झाला तर मलाबी हवाच. पन आता न्हाई." तिनं पोरीला खांद्यावर थोपटलं. "ही गेल्या जानेवारीत फडात झाली. कोपीत. थंडी अशी की बाळाला पाचटाची ऊब द्यावी लागली. बाराव्या दिवशी मोळ्या उचलत होते. दोन वर्सं तरी नको मला."

मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं ऐकवलं. "तुमी मला दोनदा ऑपरेशनचं इचारलं. सुईचं कवाच न्हाई."

ते खरं होतं. दोन मुलं असलेली बाई दिसली की आमच्या तोंडी आधी ऑपरेशन येतं. ऑपरेशनचं टार्गेट १९९६ सालीच कागदावरून गेलं, पण मार्च जवळ आला की बैठकीत आकडा विचारला जातोच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, इंजेक्शनवाल्या ०.६ टक्के. पुरुष नसबंदी ०.३ टक्के, त्यावर मी काय बोलू. त्याच सर्वेक्षणात ९.४ टक्के बायका अशा होत्या की ज्यांना मूल एवढ्यात नको किंवा कधीच नको, आणि तरी हाताशी साधन नाही. प्रशिक्षणात याला "अपूर्ण गरज" म्हणतात. मूल हवं पण दोन वर्षांनी, अशी बाईही त्यात येते, हे मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. रजिस्टर भरताना मात्र "हवे" आणि "नको" एवढेच दोन शब्द माझ्या पेनातून उतरत होते. सासूचं उत्तर तसं चुकीचंही नव्हतं. घरात मुलगा हवाच होता. कधी, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

पहिला डोस डॉक्टरांनी तपासल्याशिवाय देता येत नाही. तिला शेजारच्या खोलीत नेलं. पाळीचं विचारलं तर म्हणाली, आज चौथा दिवस. ठरवून आली होती ती. आशाताईनं तिला सांगितलं होतं की पाळीच्या पहिल्या आठवड्यात घेतलेलं बरं. लेकराच्या लसीचं निमित्त तेवढं जुळवलं होतं. नवऱ्याची सही लागेल का, असं तिनं दोनदा विचारलं. लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तरी तिची नजर दाराकडेच.

रक्तदाब ठीक होता. मी नेहमीचं सांगायला लागले : सुरुवातीला मधेच डाग दिसतील, पाळी मागेपुढे होईल, पुढे कदाचित बंदच होईल, घाबरायचं नाही, रक्त कुठं साठत नाही. इथंच बहुतेक जणी मागे सरतात. ती म्हणाली, "बंद झाली तर देवच पावला."

उसाच्या फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, आडोसा म्हणजे ऊस. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघांची एकच जोडी धरतात. बाई एक दिवस बसली तरी खाडा धरतात आणि तो उचलीतून, म्हणजे आधीच घेतलेल्या आगाऊ रकमेतून कापतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आमच्या जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती पाहिली, तेव्हा १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी ज्याला दुष्परिणाम म्हणून सांगत होते ते या बाया पिशवी काढून विकत घेतात.

इंजेक्शन दिलं. "चोळायचं नाही, शेकायचं नाही." कार्डावर पुढची तारीख टाकली, २७ जानेवारी, आणि तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. जानेवारीत ही असणार कुठं?

"कारखाना कुठला?"

"मुकादमाला ठाव. सांगलीकडं म्हनत्यात. न्हाईतर कर्नाटकात."

डोस तीन महिन्यांचा, हंगाम पाच-सहा महिन्यांचा. बाहेर हॉर्न वाजला. सासूनं दारातून डोकावून विचारलं, "झालं का गं?" तिनं कार्ड पटकन मुठीत चुरगाळलं. ते घरात सापडलं तर पंचाईत, आणि नसलं तर तिकडच्या नर्सला काय दाखवणार? शेवटी मी ते सरळ केलं, घडी करून लेकराच्या लसीकरण कार्डाच्या प्लास्टिकमध्ये मागच्या बाजूनं सरकवलं आणि वर माझा नंबर लिहिला. बाळाच्या कार्डाला कोणी हात लावत नाही. सांगितलं, तारीख चुकली तर चार आठवड्यांपर्यंत चालतं, तोवर कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा.

जानेवारी कोरडा गेला. रोज वाट बघत होते असं नाही. आमच्याकडे तेवढी सवड नसते.

१९ फेब्रुवारीला अनोळखी नंबर आला. सीमेपलीकडच्या एका उपकेंद्रातली नर्स होती, मराठी मोडकंतोडकं. तिचं म्हणणं, तारीख उलटून गेलीय, पाळी आल्यावर देते. मी म्हटलं, ताई, पाळी या इंजेक्शननंच बंद असेल, आणि २४ तारखेपर्यंत मुदत आहे. ती म्हणाली, बघते. फोन कुठंतरी ठेवला गेला. भांड्यांचा आवाज, कानडीतलं बोलणं, एक पोर खोकत होतं. पाच-सात मिनिटं मी तशीच कानाला लावून उभी.

मग फोनवर ऊसतोडीला गेलेल्या तिचाच आवाज आला. "दिली बघा. तपासनी बी केली आदी, काय न्हाई म्हनली. आता मे म्हैना लिवलाय."

"मे मध्ये गावात याल ना?"

"येतो की. पन त्यो दिवस..." पुढे काही बोलली नाही. शेजारी कोणी होतं बहुतेक.

मी मनातल्या मनात बोटं मोजली. धाकटी जानेवारीची, मे मध्ये सोळा महिने पुरे.

"पोरीचा बूस्टर आहे तेव्हा," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. "बूस्टरलाच येते मग."