शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदाची दोन वर्षं

आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथीची. पट 47, मंजूर शिक्षक दोन. माझी मुलगी दुसरीत असताना पालकसभेने मला शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून दिलं आणि पुढे समितीने अध्यक्ष केलं. बऱ्याच गावांत ही समिती नुसती वहीत असते. तिचे अधिकार किती आणि ते नेमके कुठे येऊन अडतात, हे दोन वर्षांत मला चांगलंच कळलं. नव्याने समितीवर येणाऱ्या पालकांच्या, विशेषतः आयाबहिणींच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या राज्यात समितीची मुदत दोन वर्षं, अध्यक्ष पालकांमधलाच आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा तयार करणं आणि अनुदान कसं खर्च होतं हे बघणं, ही समितीची कामं कायद्यानेच ठरवून दिली आहेत.

प्रत्यक्षात आमच्याकडे इतिवृत्ताची वही घरोघर फिरायची आणि सदस्य सही करायचे. पहिली गोष्ट आम्ही बदलली ती सभेची वेळ. सकाळी अकराला सभा ठेवली तर मजुरीला जाणाऱ्या बायांचा रोज बुडतो, मग त्या येणार कशा? आम्ही सभा संध्याकाळी घेऊ लागलो. गुरुजी तालुक्याहून मोटरसायकलने ये-जा करतात, तरी महिन्यातली ती एक संध्याकाळ त्यांनी थांबायचं कबूल केलं आणि शेवटपर्यंत पाळलं. बाया यायला लागल्या आणि बोलायला लागल्या. विषयपत्रिका आधी फळ्यावर लिहायची, ठराव सभेतच मोठ्याने वाचायचा, सूचक-अनुमोदकांची नावं टाकायची आणि मगच सह्या करायच्या, असा शिरस्ता पडला.

नंतर पैशांकडे वळलो. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान येतं, ते पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, त्यापुढे 100 पर्यंत 25,000, आणि 250 पर्यंत 50,000. त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. आम्ही 25,000 वाल्या गटात. वीजबिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ डागडुजी, सगळं त्यातच. ही रक्कम हप्त्याहप्त्याने, बऱ्याचदा वर्ष सरत आल्यावर मिळते. तीही रोख नाही, पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीत शाळेच्या नावावर खर्चाची मर्यादा टाकली जाते. मार्च संपेपर्यंत खर्च झाला नाही तर ती परत जाते. म्हणून मार्चमध्ये शाळांची धांदल उडते, आणि त्या धांदलीत आपल्याला काय हवं आहे हे विचारायला कुणालाच वेळ नसतो.

त्या वर्षी वरून तोंडी निरोप आला की अमुक एक साहित्य सगळ्या शाळांनी घ्यावं. गुरुजींची पंचाईत झाली. निरोप मोडायचा तर उद्या त्यांनाच त्रास. आम्ही सभा बोलावली आणि शाळेची गरज क्रमाने लिहून काढली. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, पिण्याच्या पाण्याच्या टाकीची तोटी, पहिलीच्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं आणि मग बाकीचं. ठराव झाला की खर्च याच क्रमाने होईल. देयकाच्या कागदावर मुख्याध्यापक आणि अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या लागतात. मी गुरुजींना म्हटलं, "कुणी विचारलं तर सांगा, समितीचा ठराव आहे, अध्यक्ष सही करत नाहीत." यात त्यांचाच बचाव होता. पुन्हा तो निरोप आला नाही. लेखी ठरावाला तोंडी निरोपाने उत्तर देता येत नाही, हे समितीतल्या सगळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

आराखड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण समितीची खरी ताकद तिथेच आहे. कलम 22 म्हणतं की समितीने शाळा विकास आराखडा करावा, आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने पुढच्या योजना व अनुदानं त्या आराखड्याच्या आधारे ठरवावीत. म्हणजे आराखडा ही विनंती नाही, तो पाया धरायचा आहे. तीन वर्षांचा आराखडा आणि त्याचे तीन वार्षिक भाग: कोणत्या वर्गात किती मुलं येतील, शिक्षक किती लागतील, खोल्या, सोयी, पैसा. आमचा आधीचा आराखडा बघितला तर तो छापील नमुन्यात आकडे भरलेला होता, आणि सध्याच्या खोल्या ‘चांगल्या’ लिहिल्या होत्या. त्यातली एक तर पावसाळ्यात वापरताच येत नाही.

मग आम्ही सगळे शाळेत फिरलो. बायांनी जे टिपलं ते नमुन्यात कुठेच नव्हतं. स्वच्छतागृह आहे, पण आत पाणी नाही, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. वस्तीवरून येणाऱ्या लहान मुलांना ओढा ओलांडावा लागतो, पाऊस लागला की त्यांची हजेरी पडते. हे सगळं आराखड्यात घातलं. पाणी आणि स्वच्छतागृहाचं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतं हे ग्रामसेवकांनीच सांगितलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता. आम्ही ग्रामसभेला गेलो, शाळेचा ठराव तिथे वाचला आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तो आला की नाही हे दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. पुढच्या वर्षी नळ आत आला.

गळक्या खोलीचं काम लांबलं. धोकादायक खोली वापरायची नाही, पण निर्लेखन, म्हणजे ती अधिकृतपणे बाद ठरवणं, झाल्याशिवाय पाडायचीही नाही आणि पाडल्याशिवाय नवीन मागायची नाही. प्रस्ताव, अभियंत्यांची पाहणी, मग जिल्ह्याची मंजुरी. प्रत्येक कागदाची पोच घेत गेलो. निर्लेखन मंजूर झालं, नवी खोली अजून व्हायची आहे.

एवढं सगळं आमच्या हातात होतं. शिक्षक मात्र नव्हते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दोन गुरुजींपैकी एकांची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. चार वर्ग आणि एक माणूस. त्याच माणसाकडे पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, वर मतदारयादीचं काम. निवडणुकीचं काम कलम 27 मध्ये शिक्षकांना देता येतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रारही करता येईना. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 60 पर्यंत पटाला दोन शिक्षक सांगितले आहेत. कलम 26 म्हणतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. आमच्याकडे दोनातलं एक रिकामं, म्हणजे 50 टक्के.

केंद्रप्रमुखांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवलं, तिथून कळलं की पदं जिल्ह्यातून भरतात, जिल्ह्यात कळलं की भरती राज्यातून, पवित्र पोर्टलवरून होते. कुणी वाईट वागलं नाही. प्रत्येक जण वरचं बोट दाखवत होता, आणि त्याच सुमारास चाचणीत गुण कमी पडले म्हणून आमच्या एकट्या गुरुजींना खुलासा मागितला गेला. हे मला फार लागलं. गुण कमी का, हे विचारायलाच हवं, आमचीच मुलं आहेत. पण जो खुलासा मागतो त्याने रिकाम्या जागेचाही खुलासा द्यायला हवा. गुरुजींच्या खुलाशासोबत समितीने आपलं स्वतंत्र पत्र जोडलं: पद कधीपासून रिक्त, किती अर्ज दिले, कुणाकडे, पोच कोणत्या तारखेची.

मधल्या काळात गावात मागणी झाली की लोकवर्गणीतून डी.एड. झालेली एखादी मुलगी ठेवू. सभेत यावर बराच वाद झाला. वस्तीवरच्या एक काकू म्हणाल्या, "सरकारची जागा आपण भरली तर सरकार कशाला भरेल?" त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि मुलांचं वर्ष वाया जातंय हेही खरं होतं. शेवटी गावातलीच एक मुलगी पहिली-दुसरीला दोन तास शिकवायला आली. वर्गणी ऐच्छिक ठेवली, ज्यांना जमत नाही त्यांना कुणी विचारलं नाही. ठरावात स्पष्ट लिहिलं की ही सोय मंजूर पदाऐवजी नाही.

आणि आम्ही कलम 32 खाली लेखी तक्रार केली. मुलांच्या शिक्षणहक्काबद्दल कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करू शकतं, संबंधितांना म्हणणं मांडायची संधी देऊन तिचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तक्रार जिल्हा परिषदेकडे दिली, सोबत आराखडा, ठराव आणि पोच असलेले अर्ज. सुनावणीला आम्ही चौघी गेलो होतो. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. काही आठवड्यांनी शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरतं, आमच्याकडे पाठवलं आणि तक्रार निकाली काढल्याचं पत्र आलं.

मुलांना बाई मिळाल्या, याचा आनंद खराच आहे. पण शेजारच्या शाळेत आता तेवढीच जागा रिकामी आहे आणि तिथल्या पालकांचे फोन मला येतात. कामगिरीवर पाठवणं म्हणजे पद भरणं नव्हे, असा ठराव आम्ही शेवटच्या सभेत केला, त्यांच्या समितीनेही तसाच केला. दोन्ही शाळांच्या वतीने आयोगाकडे करायच्या अपिलाचा मसुदा तयार आहे. माझी मुदत संपली, नवीन समिती निवडली गेली, आणि तिच्या पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा पहिला विषय ठेवला आहे.