बाईस रुपये पाच

यंदा पावसाळ्याच्या आधी वाईच्या घरातलं वायरिंग नवीन करून घ्यायचं ठरलं, कारण माजघरातला पंखा लावला की देवघरातला दिवा बारीक व्हायचा आणि आईचं म्हणणं की हे लक्षण चांगलं नाही (शकुनाच्या नाही, शॉर्ट सर्किटच्या दृष्टीने, आई तशी प्रॅक्टिकल आहे). तर इलेक्ट्रिशियन माजघराच्या भिंतीत झिरी मारत होता. पांढऱ्या मातीची दीड हात जाड भिंत, ग्राइंडर लावला की घरभर धुरळा, आणि मध्येच तो थांबला आणि म्हणाला, ताई, इथं पोकळ लागतंय.

बुजवलेला कोनाडा निघाला. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, विलायती, वरचं चित्र गंजून गेलेलं, आणि डब्यात लाल फडक्यात बांधलेला कागदांचा रुमाल.

ही बातमी साताऱ्याच्या काकांना फोनवर सकाळी अकराला कळली आणि ते दुपारच्या एसटीने हजर. येताना पेढे घेऊन आले, म्हणजे विचार करा. काकांचं लहानपणापासूनचं मत आहे की आमच्या घरात सोनं पुरलेलं आहे आणि आजोबांनी ते मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. डबा उघडला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सगळे कागद, तेही मोडी लिपीत.

तसं वाईत जुने कागद सापडणं नवीन नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो वाईला सापडलेल्या पत्रांवरच, १७५० ते १७६१, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची पत्रं. हे आठवून मीही जरा हवेत गेले होते, म्हणलं आपल्याकडे निदान नाना फडणवीसांची एखादी चिठ्ठी तरी निघेल, त्यांच्या वाड्याची मेणवली काय लांब आहे का. पण पहिल्याच कागदावर पंचम जॉर्जचं तोंड होतं. स्टँप पेपर, जमिनीच्या कसल्याशा गहाणाचा. म्हणजे १९१० च्या मागे काही जात नव्हतं. पानिपत तिथंच संपलं.

बाकी होत्या एक हिशेबाची जाड वही आणि मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला. वही पणजोबांची. ते कचेरीत कारकून होते एवढं घरात सगळ्यांना माहीत, आणि फार कडक होते एवढंच.

आमच्या घरात आता मोडी कुणालाच येत नाही. आजोबा मोडीत सही करायचे, पण त्यांच्यानंतर संपलं. तेवढ्यात इंदूरचा आतेभाऊ सुट्टीवर आला होता आणि त्याने लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मोडीचा कोर्स केलेला. तो म्हणाला मी वाचतो, चिंता नको. मोडीत आधी सबंध ओळीची रेघ ओढून घ्यायची आणि मग खाली अक्षरं लटकवत जायची, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व दीर्घ असा भेद नाही, स्वल्पविराम वगैरे तर विसराच. आठ तास बसून त्याने अर्ध्या पानाचा मजकूर लावला आणि रात्री जेवताना जाहीर केलं की पणजोबांना कुणीतरी ब्लॅकमेल करत होतं.

कसं काय? तर म्हणे दर महिन्याला एकच नोंद आहे, "पंढरपुरी बाईस रुपये पाच". म्हणजे बावीस रुपये पाच आणे. आणि वहीच्या पहिल्या पानावर पगाराची नोंद आहे तीस रुपये. तिसातले बावीस दर महिन्याला पंढरपूरला जातायत, तर दुसरं काय असणार?

काका तर उठून बसले. पंढरपुरात कुणाकडे तरी गहाण टाकलेलं सोनं सोडवत असणार, त्याचा हप्ता. त्या रात्री आमच्याकडे साडेबारापर्यंत चर्चा चालली होती, आणि आई एकटीच म्हणत होती की अहो आठ रुपयांत घर चाललं तरी कसं, सहा पोरं होती. पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गणपती आळीत गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे शाळेतले रिटायर्ड शिक्षक, आता ऐंशीच्या पुढचे, मोडी वडिलांकडून शिकलेले. ढोल्या गणपतीपासून दोन मिनिटांवर घर, कृष्णेच्या बाजूला गॅलरी, आणि गॅलरीत ते भिंगाचा चष्मा लावून बसतात. मी आतेभावाचं वाचन सांगितलं. त्यांनी वही डोळ्याजवळ नेली, मग लांब धरली आणि एकदम हसायलाच लागले, इतके की काकू आतून बघायला आल्या.

"पोरगा इंदूरचा काय गं?"

म्हणलं हो, तुम्हाला कसं कळलं.

"बाईस म्हणजे बावीस नाही. बाईस. बाईला. पंढरपुरी बाईस रुपये पाच. बाईला पाच रुपये धाडले."

मीही हसले, आणि मग दोघंही थांबलो, कारण पुढचा प्रश्न आलाच. कुठली बाई?

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात पहिल्यांदा जे आलं तेच तुमच्याही आलं असेल. कडक पणजोबा, पंढरपुरात बाई, दर महिन्याला पाच रुपये. गुरुजींच्याही आलं असणार पण ते काही बोलले नाहीत, नुसती पानं मागे मागे उलटत गेले, पहिली पंढरपूरची नोंद कुठे येते ते बघायला. ती आली आश्विन शके १८४० मध्ये. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९१८ चा ऑक्टोबर. आणि तिच्या वर चार ओळी सोडून हे होतं, मी तेव्हाच फोनमध्ये लिहून घेतलं: "वाठार गाडीभाडे. जाणे असामी दोन. येणे असामी एक."

वाठार म्हणजे वाठार स्टेशन, वाईच्या लोकांना आगगाडी तिथूनच. बैलगाडीने दोघं गेले आणि एक जण परत आला.

आणि खाली: "बालगृहास रुपये दहा."

गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, १९१८ च्या आश्विनात तुमच्या घरात कुणी गेलं होतं का? मानमोडीत?

मानमोडी म्हणजे तो इन्फ्लुएन्झा. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली त्यात, आणि इकडे सप्टेंबर ऑक्टोबरात नुसता कहर होता, गावंच्या गावं अंथरुणात. आणि हो, आमच्या घरातलं एक माणूस मानमोडीत गेलेलं आहे. पणजोबांची धाकटी बहीण. बालविधवा, माहेरीच असायची. तिच्याबद्दल एवढं एकच वाक्य आम्हाला माहीत, मानमोडीत गेली. नाव कुणालाच माहीत नाही. आमच्या वंशावळीत बायकाच नाहीत, वरपासून खालपर्यंत नुसते राव.

घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हणून तिला तिथी नाही."

आता हे जरा नीट सांगते. आमच्याकडे श्राद्धाची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची, आजोबांच्या अक्षरात. घरात कोण कुठल्या तिथीला गेलं ते सगळं त्यात, पार पाच पिढ्यांचं. एक तीन दिवसांचं बाळ गेलं होतं त्याचीसुद्धा तिथी आहे. आणि शेवटी एक ओळ: आत्याबाई, मानमोडी, सर्वपित्री. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला आजी एक जास्तीचं पान वाढायची, अळूची भाजी, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत, आणि आम्ही विचारलं कुणाचं गं हे तर म्हणायची, आहे आपल्यातलंच. आता सर्वपित्रीला पान कुणाचं, तर ज्याची तिथी माहीत नाही त्याचं. परदेशी गेलेला, युद्धावर गेलेला, घर सोडून गेलेला. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिला हे खटकत होतं म्हणे, की बाई घरात गेली, भाऊ घरात होता, तर तिथी कशी माहीत नाही? पण सासूला विचारायची छाती नव्हती.

चाळीस वर्षं तिच्यासमोर क्लू पडलेला होता आणि आम्ही ग्राइंडरने भिंत फोडून शोधतोय!

पंढरपूरच का, हेही मग जुळलं. १८७५ पासून तिथे प्रार्थना समाजाचं बालहत्या प्रतिबंधक गृह होतं, लालशंकर उमियाशंकर नावाच्या तिथल्या न्यायाधीशांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. त्याच्या आधी १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काढलेलं होतंच, त्यांचा यशवंत तिथलाच. अडचणीत सापडलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर जावं, कुणी विचारणार नाही. आणि पंढरपूर हा पत्ता असा की बाई तिकडे निघाली तर शेजारीणसुद्धा विचारत नाही कशाला, उलट म्हणते माझाही नमस्कार सांग विठोबाला. त्यात गावात घरटी माणसं मरतायत, कोण कुणाच्या मर्तिकाला जातंय. पणजोबांनी साधलं बरोबर. एका बैलगाडीत बहिणीला पोचवून आले आणि घरी येऊन सांगितलं, गेली.

पण मूल ठेवून ती परत आली नाही, आणि परत येणार तरी कुठे, इथे तर ती मेलेली होती. पोचपावत्या मी सगळ्या टेबलावर मांडल्या. निळसर शाईचा अंगठा, प्रत्येकीवर तोच, डावीकडे जरा पुसट. १९१९, १९२०, १९२३, मधल्या काही गहाळ आहेत. मानमोडीत गेलेली बाई दर महिन्याला पोस्टमनसमोर अंगठा उठवत होती. एका अंगठ्याच्या बाजूला शाईचा अजून एक ठिपका आहे, अगदी लहान, बोटाच्या टोकाएवढा. मी तो भिंगाखाली बराच वेळ बघितला. काही नसेलही. शाईच सांडली असेल.

वहीत अधूनमधून पाच रुपयांच्या खाली वेगळं काहीतरी येतं. "बाईस लुगडे." रंग लिहिलेला नाही. विधवेचं लाल आलवण असतं तर लिहिलं असतं असं मला उगीच वाटतं. १९२४ च्या जूनमध्ये, "मुलास पाटी पेन्सिल आणे चार." गुरुजींनी ही ओळ वाचली आणि मग चहा होईपर्यंत पुढचं पान उलटलं नाही.

आतेभावाला अर्थातच पुढचं हवं होतं, मुलाचा बाप कोण. त्याची थिअरी कचेरीतला कुणी, काकांची थिअरी शेजारचा वाडा, आणि दोघंही वहीत नाव शोधायला लागले. गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, नाव वहीत नाही, आणि असतं तरी मी वाचलं नसतं. मला पहिल्यांदा राग आला त्यांचा, मिस्टरी अर्धी ठेवतात म्हणून. आता नाही येत.

पणजोबांबद्दल माझं अजून ठरत नाहीये. काका एकदम भारावून गेले, केवढा मोठा माणूस वगैरे, सहा पोरं असताना दर महिन्याला पाच रुपये. खरंय, तीस रुपये पगारात सोपं नाही ते. पण बारा वर्षांत एकदा तरी भेटायला गेले का? वाठारचं गाडीभाडं वहीत परत कुठेही नाही, मी पान न पान गुरुजींकडून तपासून घेतलं. आई म्हणते तू आत्ताच्या डोक्याने बघतेस, कळलं असतं तर घर वाळीत टाकलं असतं आणि घरात चार मुली लग्नाच्या. असेल. मग वही जाळून का नाही टाकली? भिंतीत का ठेवली?

शेवटची नोंद शके १८५२ ची, म्हणजे १९३१ चा फेब्रुवारी (जानेवारीनंतर अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी मिळवायचे). अक्षर तेच, ठसठशीत कारकुनी. "पंढरपुराहून पत्र आले. माघ वद्य षष्ठीस. स्नान केले."

त्याच्या खाली काही नाही. आपल्याकडे लांबून मरणाची बातमी आली की अंघोळ करतात. घरात कुणाला सांगता येत नव्हतं, बारा वर्षांपूर्वी एकदा सांगून झालेलंच होतं. त्यांनी विहिरीवर जाऊन अंघोळ केली असणार आणि बायकोने विचारलं असणार, आत्ता अवेळी कशाला. की नसेल विचारलं? कारण तिने सुनेला, म्हणजे माझ्या आजीला, ते जास्तीचं पान शिकवलं, ते काही उगीच नाही.

आईने मागच्या आठवड्यात लाल पुठ्ठ्याची वही काढली, आजोबांच्या त्या ओळीतलं सर्वपित्री एका रेघेने खोडलं आणि पुढे तिच्या शाळकरी अक्षरात लिहिलं, माघ वद्य षष्ठी. मी म्हणलं बरं झालं, म्हणजे यंदापासून सर्वपित्रीला एक पान कमी.

"कमी कशाला?" आई म्हणाली. "त्या पोराची तिथी कुठे माहितेय आपल्याला."