बोल्ड इटॅलिक, भाग ५: ‘ओ’ सुटला, ‘एस’ अडून बसला

मंडळी, मी काढत असलेल्या रोमन फॉन्टच्या बोल्ड इटॅलिकमधला (ठळक आणि तिरका) तीन आठवडे छळणारा छोटा ‘ओ’ (o) काल रात्री एकदाचा सुटला! मागच्या वेळी टाकलेला प्रिंट आठवतोय ना, त्यात तो एका कुशीवर कलंडल्यासारखा दिसत होता आणि मी हँडल्स (वळणाचा आकार ठरवणारे दांडे) हलवत बसलो होतो, पण हँडल्सचा काही संबंधच नव्हता.

उभ्या बोल्डमधला ‘ओ’ मी थेट १२ अंश स्क्यू केला होता, म्हणजे उंची तीच ठेवून नुसता आडवा सरकवून तिरका. स्टेम (अक्षराची उभी रेघ) १५० युनिटचा १४७ होतो, ते डोळ्याला कळतही नाही. पण वळण जिथे ४५ अंशात येतं तिथे तीच १५० ची जाडी उजवीकडे वर आणि डावीकडे खाली १६७ होते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत १३५, म्हणजे एकाच अक्षरात ३२ युनिटचा फरक! लाइटमध्ये, म्हणजे बारीक जाडीत, ३० च्या रेघेला हाच फरक जेमतेम ६ युनिट पडतो, खपून जातं. बोल्डमध्ये लपायला जागाच नाही. म्हणून सांगतो, एका बटणात इटॅलिक करून देणाऱ्या फिल्टरवर बोल्डसाठी अजिबात विसंबू नका.

उपाय असा, ६ अंश रोटेट आणि उरलेले ६ स्क्यू. जाड्या १५८ आणि १४२ वर आल्या, बाकीचं हाताने. रोटेट केल्यावर चारही एक्स्ट्रीम (वळणाची वरची, खालची, डावी, उजवी टोकं) सरकतात, तिथे नोड (रेघेवरचे बिंदू) परत टाकले, ओव्हरशूट (गोल अक्षर रेषेबाहेर किंचित जातं तो भाग) परत बसवला, आणि मग १० पॉइंटला प्रिंट काढला तर काउंटर (अक्षराच्या आतली पोकळी) दोन्ही बाजूंनी सारखा उघडा! किती वेळ नुसता बघत बसलो.

‘एस’ मात्र ऐकत नाही. त्याचा स्पाइन (मधला कणा) वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतो, म्हणजे स्क्यूमध्ये नेमका फुगणाऱ्या दिशेनेच, आणि रोटेट केला की स्पाइन जास्तच उभा होतो आणि अख्खं अक्षर तोंडावर पडतं. चार वेळा केला, चारही वेळा पुसला. आता तिरक्या गाइड टाकून कोरा काढणार.

हे लिहिता लिहिताच सुचलं, ‘ए’ एकमजली (ɑ, वरचा आकडा नसलेला) का नको? दुमजली ‘ए’चा खालचा काउंटर बोल्डमध्ये तसाही बुजतोय, आणि एकमजलीला चालेल असा ‘डी’चा बाउल (गोल पोट) आता तयार आहे. १९२८ च्या गिल सॅन्स या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये ‘ए’ एकमजलीच आहे. उलट १९५७ च्या युनिव्हर्समध्ये आकार तेच ठेवून मूळ कल १६ अंशांचा दिला होता, मला वाटतं वेगळेपणाचा सगळा भार त्या कलावरच होता. माझा हा वेट (फॉन्टचा जाडीचा प्रकार) मुख्यतः ठळक मथळ्यात एखादं पुस्तकाचं किंवा जहाजाचं नाव वेगळं दिसावं म्हणून लागणार, दोन-तीन शब्दांपुरता, आणि तिथे बोल्डच्या शेजारी नुसता कल पटकन लक्षात येत नाही, ‘ए’ बदलला की लगेच येतो. मग १२ अंश तरी कशाला, १० पुरेत, आणि १० वर जाड्यांची ओढाताणही कमी होईल.

म्हणजे ‘ओ’ परत काढावा लागणार, हरकत नाही, आता रीत कळलीय. स्क्यूचा ओरिजिन (जागचा न हलणारा बिंदू) बेसलाइनऐवजी (अक्षरं टेकतात ती रेघ) एक्स-हाइटच्या (छोट्या अक्षरांची उंची) निम्म्यावर ठेवल्यापासून साइडबेअरिंगही (अक्षराच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा) कमी बिघडतायत. आज रात्री आधी ‘ए’, मग ‘एस’.