आधी खेळ ठरवा, मग जॉयस्टिक

नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मी स्वतः बांधलेले आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमसारखे उभे यंत्र, उभे आहे, आणि ते पाहून येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हमखास विचारतो, "असे एक मलाही करायचे आहे, जॉयस्टिक आणि बटणे कोणती घेऊ?" विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या कंपनीचे नाव ऐकायचे असते. मी मात्र त्याला आधी विचारतो, की तुम्ही या यंत्रावर सर्वांत जास्त कोणता खेळ खेळणार आहात. हे विचारल्यावाचून दिलेले कोणतेही उत्तर अपुरे ठरते, कारण उत्तम समजली जाणारी जॉयस्टिकसुद्धा चुकीच्या खेळाला लावली तर हाताला त्रासच देते.

याचे कारण जॉयस्टिकच्या रचनेत आहे. नेहमीच्या आर्केड जॉयस्टिकच्या खालच्या बाजूला चार मायक्रोस्विच, म्हणजे दाबले की लागणारे छोटे स्विच, असतात, वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी एक. दांडी सरळ एका बाजूला नेली की एक स्विच दाबला जातो आणि तिरकी नेली की शेजारचे दोन एकदम दाबले जातात; म्हणजे तिरकी दिशा ही वेगळ्या स्विचची नसून दोन स्विच मिळून तयार होते. आता १९८० सालचा पॅक-मॅन हा चक्रव्यूहाचा खेळ घ्या. त्या चक्रव्यूहात तिरके जाता येतच नाही, फक्त चार दिशा आहेत, आणि म्हणून मूळ यंत्रावर चार दिशांचीच जॉयस्टिक होती. आमच्या कॅबिनेटला मी सुरुवातीला सरसकट आठ दिशांची जॉयस्टिक लावली. माझी नऊ वर्षांची मुलगी वळणापाशी आली की ठरलेल्या गल्लीत न वळता सरळ पुढे जाई आणि भुताच्या तावडीत सापडे. "बाबा, मी वरच दाबलं होतं," असे ती कळवळून सांगे. मी शेजारी बसून नुसता तिचा हात पाहिला तेव्हा उलगडा झाला. दांडी डावीकडून वर नेताना ती क्षणभर कोपऱ्यात जात होती, दोन्ही स्विच दाबलेले राहत होते, आणि खेळाला नेमकी कोणती दिशा घ्यावी हे कळत नव्हते. चूक तिची नव्हती, मी केलेल्या निवडीची होती.

यावरचा उपाय साधा आहे. जॉयस्टिकच्या तळाशी दांडीची हालचाल मर्यादित करणारी एक प्लास्टिकची चौकट असते, तिला गेट म्हणतात. चौकोनी गेटमध्ये दांडी चारही कोपऱ्यांत जाऊ शकते, म्हणजे आठही दिशा मिळतात. तीच चौकट ४५ अंशांत फिरवून बसवली की तिरक्या दिशांच्या जागी सपाट कडा येतात, दांडी तिकडे पुरेशी जात नाही आणि चारच दिशा उरतात. चौकट अशी फिरवता येईल अशी जॉयस्टिक घ्या, हे मी ज्यांना जुने चक्रव्यूहाचे खेळ आणि १९८१ सालच्या डाँकी काँगसारखे खेळ आवडतात त्यांना आग्रहाने सांगतो.

नाशिकच्या माझ्या वयाच्या माणसांची आठवण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच खेळांशी जोडलेली असते. रविवार कारंज्याकडच्या गल्ल्यांमधून एक रुपयाचे नाणे मुठीत घट्ट धरून आम्ही ज्या अंधाऱ्या खोल्यांत जात असू, तिथे गर्दी असे ती स्ट्रीट फायटर आणि मुस्तफा या दोन खेळांपाशी. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स या खेळाचे खरे नाव त्या वेळी आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. त्यातल्या टोपीवाल्या मुस्तफावरून साऱ्या खेळालाच ते नाव पडले. या खेळाला दोनच बटणे लागतात, एक मारण्याचे आणि एक उडीचे, पण दोन्ही एकदम दाबली की आपली थोडी ताकद खर्च होऊन चहूबाजूंचे शत्रू दूर फेकले जातात. तेव्हा ही दोन बटणे एका हाताच्या दोन बोटांखाली सहज यायला हवीत. १९९१ सालच्या स्ट्रीट फायटर टूला याउलट सहा बटणे लागतात, तीन ठोशांची आणि तीन लाथांची, आणि खाली, तिरके, पुढे असा पाव वर्तुळाचा फेरा घेऊन ठोसा मारायचा तर आठही दिशा स्वच्छ मिळायला हव्यात. अशा खेळांना मी चौकोनी गेटच पसंत करतो. काही खेळाडूंना अष्टकोनी गेट आवडते, कारण त्यात प्रत्येक दिशेची खाच हाताला जाणवते. परंतु स्ट्रीट फायटरमधल्या गाईलसारख्या पात्राने खेळताना मागच्या-खालच्या कोपऱ्यात दांडी टेकवून वाट पाहावी लागते, आणि ते टेकणे चौकोनी गेटच्या कोपऱ्यात जितके निर्धास्त होते तितके अन्यत्र होत नाही.

मुठीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. जपानी पद्धतीच्या जॉयस्टिकला, उदाहरणार्थ सान्वा किंवा सेमित्सु या कंपन्यांच्या, वर ३५ मिलिमीटरचा गोळा असतो आणि स्प्रिंग हलकी असते, त्यामुळे मनगटाच्या थोड्या हालचालीने काम होते. अमेरिकी हॅप पद्धतीच्या जॉयस्टिकला खाली निमुळती होत जाणारी, गदेसारखी लांबट मूठ असते आणि स्प्रिंग कडक असते. पूर्ण पंजाने धरून जोरात खेळणाऱ्याला तीच बरी वाटते. कोरियन जॉयस्टिकमध्ये स्प्रिंगऐवजी रबर असते, तिची लवचीकता निराळी. मला जपानी पद्धत आवडते, पण माझे मेहुणे मुस्तफा खेळताना दांडीवर असा भार देतात की त्यांच्या बाजूला मी विचारपूर्वक कडक स्प्रिंग घातली आहे.

आता हे सारे ज्या फळीवर बसते तिच्याविषयी, कारण सर्वांत महाग चूक इथे होते आणि मीही ती केली आहे. इंटरनेटवरून मागवलेला जॉयस्टिक आणि बटणांचा तयार संच मी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर बसवायला घेतला. जपानी पद्धतीची जॉयस्टिक मुळात पातळ पत्र्याच्या पॅनेलसाठी घडवलेली असते. जाड प्लायच्या खालून ती स्क्रूने आवळली तेव्हा दांडीची बरीचशी लांबी लाकडानेच खाल्ली आणि वर जेमतेम गोळा उरला. तो चिमटीत धरून खेळावे लागे. बटणांचीही तीच गत झाली. ती दाबून अडकवण्याची, म्हणजे कडेच्या दोन प्लास्टिकच्या कानांवर टिकणारी होती, आणि हे कान तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड फळीत पकडच घेत नाहीत. शेवटी मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये २ मिलिमीटरच्या पत्र्यावर लेझरने छिद्रे कापून घेतली आणि प्लायवूडला मोठी मोकळी जागा कापून वर तो पत्रा बसवला. ज्यांना पत्र्याची खटपट नको असेल त्यांनी सरळ लांब आटे असलेली, मागून नट आवळायची हॅप पद्धतीची बटणे घ्यावीत. ती जाड प्लायवूडमध्येही पक्की बसतात. मात्र त्यांचे छिद्र साधारण २८ मिलिमीटरचे असते आणि जपानी बटणांचे ३० मिलिमीटरचे, तेव्हा बटणे हातात आल्याशिवाय सुताराला होल सॉ, म्हणजे गोल छिद्र कापणारी करवत, चालवू देऊ नका. दोन मिलिमीटर लहान पडलेले छिद्र कानशीने वाढवता येते, मोठे पडलेले लहान करता येत नाही.

बटण दाबल्यावर बोटाला काय जाणवते यातही मोठा फरक आहे. जपानी बटण अगदी थोड्या दाबाने लागते, त्यावर बोट नुसते ठेवले तरी ते चुकून दाबले जाण्याची शक्यता असते. भराभर दाबायच्या खेळांत हाच गुण ठरतो. हॅप पद्धतीचे बटण खोल जाते आणि टक असा स्पष्ट आवाज करते. रात्री अकरानंतर शेजारच्या खोलीत आई झोपलेली असताना तो आवाज भिंतीपलीकडे जातो, म्हणून एका बाजूला मी आतून मऊ गादी असलेली मूक बटणे बसवली आहेत. बटणांचे रंग तुमच्या आवडीचे घ्या. स्टार्ट (खेळ सुरू करण्याचे) आणि कॉइन (नाणे टाकल्याची खूण देणारे) यांसाठी २४ मिलिमीटरची लहान बटणे घेतली तर खेळाच्या ऐन भरात हात चुकून त्यांवर पडत नाही.

जोडणीविषयी एकच सूचना देतो. बहुतेक मायक्रोस्विचला तीन टोके असतात, सामाईक, एरवी उघडे आणि एरवी बंद. वायर सामाईक आणि एरवी उघड्या टोकाला लावा. तिसऱ्या टोकाला लावली तर न दाबलेले बटणच दाबलेले समजले जाते आणि खेळ सुरू होताच पात्र आपोआप उड्या मारू लागते. जपानी बटणांची टोके २.८ मिलिमीटरची आणि हॅप पद्धतीची बहुधा ४.८ मिलिमीटरची असतात, म्हणून वायरच्या टोकाच्या क्लिपा मागवताना हा आकडा लिहून ठेवावा.

पैसे कमी असतील तर बटणे साधी घ्या आणि जॉयस्टिक चांगली घ्या, असे मी सांगतो. बटण बिघडले तर पाच मिनिटांत बदलता येते. ढिली दांडी मात्र दर खेळात हाताला सलत राहते. आणि काहीही विकत घेण्यापूर्वी टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन त्यावर दांडीची आणि सहा बटणांची जागा पेन्सिलने आखा, तो टेबलावर ठेवा, डोळे मिटून दोन्ही हात त्यावर ठेवा आणि बोटे आपणहून कुठे पडतात ते पाहून खुणा दुरुस्त करा. ज्यांचे हात लहान आहेत अशा घरातल्या सर्वांनाही बसवून पाहा. मी तीन पुठ्ठे वाया घालवले, तेव्हा कुठे पत्र्यावर कापायचे माप ठरले. तिसरा पुठ्ठा अजून माळ्यावर आहे. सिडकोत येणे झाले तर घेऊन जा, आणि त्यावर आधी तुमचा स्वतःचा हात ठेवून पाहा.