गोळ्यातला ळ

गोळेवाल्यानं पाटी मागितली ती गुढीपाडव्याच्या आठ दिवस आधी. हातगाडीच्या पुढच्या फळीवर मावेल एवढी, तीन फूट बाय एक फूट. मोठा शब्द एकच, 'गोळा'. त्याखाली बारीक अक्षरात फ्लेवर. आणि शेजारी "एक हसणारा गोळा काढा, पेंटर, पोरं बघून पळत आली पाहिजेत." पैसे किती ते त्यानं विचारलं नाही. म्हणजे देणार नव्हता.

मी तीस वर्षं बोर्ड रंगवले. मिरज-सांगलीकडची दुकानं, ट्रकच्या पाठी, शाळांच्या भिंती. फ्लेक्स आला तसं काम निम्म्यावर आलं, आणि दोन वर्षांपूर्वी उजवा हात कापायला लागला तसं उरलेलंही गेलं. फार नाही कापत, चहाचा कप धरता येतो. पण काना मारायचा म्हणजे ब्रश वरून खाली एका दमात यावा लागतो, आणि तो मधेच थरथरला की ऑइलपेंट सगळं सांगून टाकतो. हे गोळेवाल्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही, हो म्हणून बसलो.

पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिनं लॅपटॉप पुढ्यात ठेवला, इंकस्केप नावाचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम फुकट उतरवून घेतला आणि म्हणाली, "काका, याचा हात कापत नाही." मग आधी तिनं स्वतःच पाच मिनिटांत काम उरकून दाखवलं. 'मोदक' नावाचा एक फॉन्ट आहे, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला, तोही फुकट मिळतो. त्यात तिनं 'गोळा' टाइप केलं. खरं सांगतो, मी गप्प झालो. इतकी गुबगुबीत देवनागरी मी कधी पाहिली नव्हती. अक्षरांची पोटं फुगून फुगून आतली मोकळी जागा नुसत्या रेघेएवढी उरलेली, आणि तरी प्रत्येक अक्षर वाचता येतं. ज्यानं केलं त्याला अक्षर कळतं.

"झालं की," ती म्हणाली.

झालं असतं. पण माझ्या डोक्यात तोवर एक खूळ शिरलं होतं. गोळा या शब्दात ळ आहे, आणि ळ म्हणजे दोन गोळे. इंग्रजी आठ आडवा पाडावा तसा. शेवटचा काना म्हणजे गोळ्याची काडी. शब्दच चित्र होऊन बसलेला असताना दुसऱ्याचा फॉन्ट कशाला घ्यायचा? तरुणपणी मी कमल शेडग्यांची नाटकाच्या जाहिरातीतली शीर्षकं पेपरातून कापून वहीत चिकटवायचो. त्यांच्या अक्षरात नाटकाचा स्वभाव दिसायचा, तिकीट काढायच्या आधीच. ती वही आठवली आणि मी पुतणीला म्हटलं, मला फक्त गोल आणि चौकोन कसे काढायचे तेवढं दाखव.

चौकोनाला आर दाबायचा, गोलाला ई. कंट्रोल धरून माऊस ओढला की नेमका गोल येतो, असं तिनं सांगितलं. पण जरा आडवं ओढलं की तोच कंट्रोल दुप्पट लांबीचा अंडगोल देतो, हे नाही सांगितलं. पहिल्या संध्याकाळी माझ्याकडे अंडीच जास्त झाली.

अक्षर जुळवायला मात्र वेळ लागला नाही. शिरोरेषा म्हणजे एक आडवी पट्टी. काने म्हणजे उभ्या पट्ट्या. ग ची गाठ म्हणजे आखूड पट्टीच्या पायाशी एक भरीव गोल. ळ म्हणजे दोन कडी आणि वरून शिरोरेषेला टांगणारा बुटका देठ. मात्रा तेवढी वाकडी, ती पाकाचा ओघळ वाटावी अशी नोड, म्हणजे रेघेवरचे ठिपके, ओढून ओढून केली. सगळ्या पट्ट्यांची जाडी मी सारखी ठेवली, २४ मिलिमीटर. कानाला काना समांतर, अंतरं मशीननं मोजून सारखी केलेली. आयुष्यात इतकं सरळ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

आणि ते बघवत नव्हतं. शिरोरेषा डोक्यावर तुळई ठेवल्यासारखी जड. 'गो' मध्ये ग ची आखूड पट्टी, ग चा काना, शेजारी ओकाराचा काना, अशी कुंपणाची तीन लाकडं रोवलेली. ळ शिरोरेषेखाली आक्रसलेला, एक नंबर लहान टाइपातून आणल्यासारखा. मोबाइलवर फोटो काढून गोळेवाल्याला दाखवला. त्यानं एक डोळा मिटून बघितलं आणि विचारलं, "हा चष्मा कुणाचा?"

चष्मा! दोन सारखी कडी शेजारी शेजारी, दुसरं काय दिसणार.

रात्री जुना एक डबा उघडला. त्यात मी रंगवलेल्या पाट्यांचे फोटो आहेत, रोलवाल्या कॅमेऱ्याचे. पट्टी घेऊन मोजायला बसलो आणि लक्षात आलं की माझी शिरोरेषा कधीच कान्याएवढी जाड नव्हती. दरवेळी थोडी बारीक. ठरवून नाही, हाताला तसंच बरं वाटायचं. आडवी पट्टी आणि उभी पट्टी एकाच मापाची काढली तर डोळ्याला आडवी जाड दिसते. तीस वर्षं मी ही सूट देत होतो आणि मला ठाऊक नव्हतं. गोलाचंही तसंच. चौकोनाच्या शेजारी त्याच उंचीचा गोल ठेवला तर तो लहान दिसतो, म्हणून त्याला थोडा वर-खाली बाहेर येऊ द्यावा लागतो. माझ्या जुन्या पाट्यांवरचे ट, ठ, ढ बघितले तर सगळ्यांची पोटं खालच्या रेषेच्या पाव बोट खाली उतरलेली. आणि अंतरं! दोन उभ्या कान्यांमध्ये जास्त जागा लागते, काना आणि गोल यांच्यात कमी, दोन गोलांमध्ये त्याहून कमी. मशीननं सगळीकडे सारखी माया केली होती.

मग शिरोरेषा २० वर आणली. ग ची आखूड पट्टी आणखी आखूड केली, म्हणजे तिच्या गाठीखाली मोकळं वारं खेळलं आणि कुंपण मोडलं. शेवटचा काना खाली दोन बोटं लांबवून टोकाला गोल केला, झाली काडी.

ळ नं मात्र तीन दिवस घेतले. दोन कडी नुसती चिकटवली की मधे जाडी दुप्पट होते आणि काळा गठ्ठा दिसतो. मधल्या रेघा एकमेकींवर पूर्ण चढवल्या की पुन्हा चष्मा. शेवटी कागद घेतला आणि कापऱ्या हातानं ळ लिहिला, वीसेक वेळा. हात कसा जातो ते बघितलं. देठावरून उतरायचं, डावीकडे वळसा, मधोमध ओलांडून उजवीकडे वळसा. म्हणजे मधे दोन कडी भेटत नाहीत, एकच रेघ स्वतःला ओलांडते. डोळा त्या ओलांडण्याची वाट बघत असतो. म्हणून जिथे कडी भेटतात तिथे वरून आणि खालून एकेक बारीक तिरपी खाच मारली, आणि डावं कडं उजव्यापेक्षा चार मिलिमीटरनं लहान केलं. चष्मा नाहीसा झाला. मी उठून स्वतःच चहा केला.

चित्राचं काम त्यामानानं हसतखेळत झालं. लहानपणी २ चं बदक कुणी काढलं नाही? हे तेच. मोठा नारिंगी गोल, खाली काडी, दोन पांढरे गोल, त्यात काळे, त्यात पुन्हा एकेक इवलासा पांढरा. तो शेवटचा पांढरा ठिपका पडेपर्यंत डोळे मेलेल्या माशाचे वाटतात, पडला की बघायला लागतात. वरच्या कोपऱ्यात पोरानं घेतलेला घास हवा होता. त्यासाठी तीन छोटे गोल आधी युनियन करून एकजीव केले, मग ते मोठ्या गोलावर ठेवून डिफरन्स दिलं. इथे नियम एकच, वरचा खालच्याला कापतो. मी उलट ठेवलं तेव्हा गोळाच गायब झाला आणि घासाचे तुकडे उरले. युनियनमध्ये रंगही खालच्याचा लागतो, त्यामुळे मधेच एकदा घास शेंदरी आणि गोळा करडा असला प्रकार होऊन बसला. चुकलेलं मागे घेणाऱ्या कंट्रोल झेडला माझा नमस्कार. ऑइलपेंटमध्ये ही सोय असती तर मी दोन एकर घेतले असते.

फसलो ते चेहऱ्यात. डोळे मी गोलाच्या बरोबर मध्यावर ठेवले होते आणि गोळा पन्नाशीचा दिसत होता. कर्ज नाकारणारा. पुतणी म्हणाली, "डोळे खाली आण ना, काका." मध्यापासून थोडे खाली आणले, एकमेकांपासून लांब सरकवले, कपाळ मोठं झालं, आणि गोळा एकदम चार वर्षांचा झाला. तान्ह्या बाळाचं असंच असतं, कपाळ मोठं, डोळे चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्यात. १९२८ सालच्या मिकी माऊसचे आणि आत्ताच्या मिकीचे फोटो तिनं शेजारी लावून दाखवले. वय वाढत गेलं तसं त्याचं डोकं आणि डोळे मोठे होत गेले, म्हणजे तो लहानच होत गेला. मला त्याच्या कानांची गंमत वाटली. मान कुठेही वळू दे, कान आपले दोन पूर्ण गोलच. खऱ्या उंदराचा कान बाजूनं असा दिसणार नाही, पण कुणाची तक्रार नाही. आमच्या गणिताच्या पुस्तकात शि. द. फडणिसांची चित्रं असायची, तीही मी पुन्हा शोधून बघितली. डोळा म्हणजे ठिपका, नाक म्हणजे एक वळण, आणि माणूस ओळखीचा. ते बघून मी माझ्या गोळ्याच्या भुवया आणि गालावरचे लाल ठिपके पुसून टाकले.

खालच्या बारीक ओळीत 'कालाखट्टा, ऑरेंज, रोझ' एवढं हवं होतं. ते मी सरळ फॉन्टमध्ये टाइप केलं, हातानं कशाला जीव काढायचा. तर कालाखट्ट्यातला ल आला दंडवाला, हिंदी पुस्तकातला. मी अडलो. पुतणीला दोन्ही ल सारखेच वाटत होते. तिला सांगितलं, बाई, सरकारनं २०२२ साली त्यावर निर्णय काढला आहे, मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. पुष्कळ फॉन्टांत मराठी वळण आत ठेवलेलं असतं म्हणे, मजकुराची भाषा मराठी सांगितली की बाहेर येतं. ते आमच्याकडून काही जमलं नाही. दोन अर्धी कडी आणि मधे एक बुटका देठ घेऊन ल मीच जुळवला. गाडीपुढे उभ्या राहिलेल्या एकाही माणसाला ते कळणार नाही, पण त्याशिवाय मला झोप लागली नसती.

फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि रेडियमवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे कोरल, म्हणजे इंकस्केपसारखाच प्रोग्रॅम, शेजारी रेडियम कापायचं मशीन, कटिंग प्लॉटर. त्यानं फाईल उघडली, मान डोलवली, मशीन सुरू केलं. सुई फिरावी तसं पातं फिरलं. मग तो नको असलेलं रेडियम सोलायला लागला आणि 'गो' सात तुकड्यांत हातात आला. ळ ची तर कडी नव्हतीच, दोन चकत्या निघाल्या.

"पेंटर, वेल्ड मारलं नाही तुम्ही. आणि ही कडी कर्व्ह कुठे केली?"

वेल्ड म्हणजे कोरलमधलं युनियन. दोष माझाच होता. पडद्यावर एकसंध दिसणारं अक्षर आत अजून सुट्या पट्ट्यांचं होतं. प्लॉटरला रंग कळत नाही, कड कळते. शिरोरेषेखाली दडलेली कान्याची कडसुद्धा तो इमानानं कापतो. आणि ळ ची कडी मी जाड रेघ देऊन काढली होती. मशीनच्या लेखी त्या रेघेला जाडी नाही, त्यानं नुसता मधला गोल कापला. घरी येऊन आधी स्ट्रोक टू पाथ, म्हणजे रेघेचा आकार झाला, मग सगळ्याचं युनियन. ते करताना माझ्या खाचांपाशी नको तेवढे नोड जमले होते, ते एकेक करून खुडले. सिंप्लिफाय दिलं तर सगळे एका फटक्यात जातात, पण त्यानं ळ पुन्हा लोळागोळा केला, म्हणून नको म्हटलं. वाया गेलेल्या रेडियमचे पैसे मी दिले. दुसऱ्या खेपेला अक्षर सोललं ते सालीसारखं, अखंड.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीवर चिकटवलं. आधी नारिंगी गोळा, त्यावर पांढरे डोळे, त्यावर काळे. रेडियम चिकटवताना हात कापला तरी चालतो, ट्रान्सफर टेपवर सगळं आधीच जागच्या जागी असतं. आपण फक्त वरून फडकं फिरवायचं.

गोळेवाला पाच पावलं मागे गेला. मी चष्म्याची वाट बघत होतो. त्यानं बर्फ किसायला घेतला आणि मला एक कालाखट्टा दिला. पैशांचं बोलणं तिथेच मिटलं.

आता शेजारचा उसाच्या रसवाला मागे लागला आहे. त्यालाही तसंच पाहिजे, 'सगळं गोल गोल'. नाव रसवंतीगृह. काल रात्री लॅपटॉप उघडून बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो. त्यात धड गोल असा एकच सापडला, अनुस्वाराचा. तेवढा काढून ठेवला आहे.