एच-इंडेक्स बघून गाइड निवडू नका प्लीज

एमएससीच्या शेवटच्या वर्षाला पीएचडीच्या अर्जांचे दिवस आले की आमच्याकडची पोरं हमखास एक गोष्ट करतात, ज्या सरांकडे किंवा मॅडमकडे जायचंय त्यांचं नाव गूगल स्कॉलरवर टाकायचं आणि एच-इंडेक्स बघायचा. ४० असेल तर भारी, १२ असेल तर पुढचं नाव. पेपर एकही उघडायचा नाही! मुंबईत फिजिक्स शिकवते, दरवर्षी हे बघते आणि खरंच काळजी वाटते, कारण पुढची पाच-सहा वर्षं त्या माणसाबरोबर काढायची असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हा इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या फिजिसिस्टने मांडला. प्रत्येकी निदान २० सायटेशन्स (म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरमध्ये दिलेले संदर्भ) मिळालेले तुमचे २० पेपर असतील तर तुमचा एच २०, बास, इतकंच आहे ते. आता कुणी आयुष्यात तीनच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला दोन-दोन हजार सायटेशन्स मिळाली तरी त्याचा एच ३ च्या वर जाणार नाही. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाचा एच आणि परवा जॉइन झालेल्या मॅडमचा एच शेजारी ठेवून बघण्यात काही अर्थच नाही. हिर्शने स्वतःसुद्धा वीस वर्षांच्या कामानंतर २० म्हणजे चांगला, असं वर्षांच्या हिशोबातच सांगितलं होतं.

आणि सगळ्यात मोठी गफलत होते ती पार्टिकल फिजिक्समध्ये. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन डिटेक्टरच्या ग्रुपनी मिळून हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानाचा पेपर काढला, त्यावर ५,१५४ ऑथर होते, ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्थांची! कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे लोक सीएमएसमध्ये आहेत, डिटेक्टरमधल्या आउटर हॅड्रॉन कॅलरीमीटरचं (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या एका भागाचं) काम त्यांनी केलंय, म्हणजे नाव असायलाच हवं, हक्काचं आहे ते. पण अशा यादीत नावांचा क्रम कामावरून ठरत नाही, त्यामुळे कुणी अ‍ॅनॅलिसिस केला, कुणी डिटेक्टर बांधला, कुणी रात्रीच्या शिफ्टला बसलं हे सायटेशन्सवरून काहीच कळत नाही. असा प्रोफाइल थिअरीवाल्याच्या प्रोफाइलशेजारी ठेवू नका, तिथे बहुतेक पेपरवर दोन-तीनच नावं असतात.

यंत्रं बांधणाऱ्यांचं तर मला फारच वाईट वाटतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. असलं काही उभं करताना वर्षानुवर्षं पेपर फारसे निघतच नाहीत, नंतर त्यावर निरीक्षणं घेणाऱ्यांचे मात्र भराभर निघतात. म्हणून इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करणाऱ्या माणसाचा आकडा लहान दिसला तर आधी ते काय बांधतायत ते विचारा.

वेळेचाही प्रश्न आहे. स्टीव्हन वाइनबर्गचा १९६७ चा लेप्टॉनवरचा (इलेक्ट्रॉनसारख्या कणांवरचा) पेपर, जेमतेम तीन पानांचा, पहिली काही वर्षं जवळजवळ कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. १९७१ मध्ये जेरार्ड ट होफ्ट या डच फिजिसिस्टचं काम आलं, अशा थिअरीत गणितं नीट सुटतात हे कळलं आणि मग लोक तुटून पडले, आज त्याला दहा हजारांवर सायटेशन्स आहेत आणि १९७९ चं नोबेलही त्याच कामाला. १९६९ मध्ये कुणी सायटेशन्स मोजून त्या पेपरची किंमत केली असती तर?

याच्या उलटही होतं. होमी भाभांनी केंब्रिजला असताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर कसे विखुरतात त्याचं गणित केलं, १९३६ चा पेपर. पुढे सर्नच्या लेप कोलायडरवर (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर घडवणाऱ्या यंत्रावर) एकूण किती टकरा होतायत याचं मोजमाप याच भाभा स्कॅटरिंगने करायचे. पण ते इतकं पाठ्यपुस्तकी झालंय की मूळ पेपरचा रेफरन्स द्यायची गरजच बहुतेकांना वाटत नाही. म्हणजे रोजच्या वापरातलं काम, आणि सायटेशनच्या हिशोबात त्याचं श्रेय जमाच होत नाही.

मग बघायचं काय? गेल्या चार-पाच वर्षांतले तीन पेपर काढा, आर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर बहुतेक फुकट मिळतात, इंट्रोडक्शन आणि शेवट तरी वाचाच. त्यात विद्यार्थी पहिला ऑथर आहे का बघा, पण नावं एबीसीडीने लावायची पद्धत असेल तर हा निकष सोडून द्या. सायटेशन्स बघायचीच असतील तर कोण करतंय ते बघा, बाहेरचे ग्रुप ते काम पुढे नेतायत की आपलाच ग्रुप आपल्याला साइट करतोय. आणि त्यांच्याकडून पीएचडी झालेल्या निदान दोघांना मेल टाका, विचारा की थिसिसला किती वर्षं लागली, सर ड्राफ्ट वाचून परत कधी देतात, अडकल्यावर वेळ देतात का. लोक खरं सांगतात, विचारायला लाजू नका.